सदऱ्याच्या आतली बंडी

मी, मार्तंड व्यंकटराव वालूरकर, वय वर्षे सत्त्याहत्तर, धंदा सेवानिवृत्त शिक्षक, मूळ राहणार वालूर, हल्ली मुक्काम जिंतूर, जिल्हा परभणी, माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घरी बसून लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचे डॉ. धम्मानंद यांनी काल तपासून सांगितले. रक्तदाब थोडा चढलेला आहे, पण मृत्युपत्राला तो चालतो असे ते म्हणाले. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. उलट घर आणि ठेव यांच्यापलीकडे मी काही लिहू नये, असे माझ्या मुलांचे म्हणणे आहे. ते मला ऐकता येत नाही, कारण घर आणि ठेव यांची मला लाज वाटत नाही. जिची लाज वाटते ती वस्तू कपाटात आहे.

कलम १. घर. जिंतूरचे राहते घर, म्हणजे दोन खोल्या, ओसरी आणि मागचा नळ, हे चिरंजीव केयूर व कन्या योगिनी यांना सारख्या हिश्शाने मिळावे. विकायचे की ठेवायचे ते दोघांनी ठरवावे, मी मध्ये बोलायला नसेन. नळाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. नोकरीची शेवटची वीस वर्षे मी याच घरातून एसटीने शाळेला गेलो, आणि उन्हाळ्यात निघण्याआधी त्या नळाखाली जे भिजवून पिळत होतो, ते पुढे येईल.

कलम २. बँकेतली ठेव. तिचे कागद कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहेत. आधी त्यातून कलम ७ प्रमाणे खर्च करावा. उरेल ते दोघांनी निम्मे-निम्मे घ्यावे आणि त्यावरून फोनवर एकमेकांशी तिरकस बोलू नये.

कलम ३. कपाट आणि त्यातले कपडे. लोकांना माझा एकच कपडा माहीत आहे, पांढरा सदरा. पोळ्यापासून होळीपर्यंत आणि होळीपासून पोळ्यापर्यंत, अंगात एक पांढरा सदरा आणि खाली पायजमा. यामुळे मला पंचक्रोशीत ‘एकसदरा गुरुजी’ म्हणत. निवृत्तीच्या समारंभात तसे फलकावर लिहिले होते, आणि मी त्या फलकाखाली हात जोडून उभा होतो. तो फोटो भिंतीवरून उतरवावा.

खरे असे आहे की, आपल्या जिल्ह्यात एका सदऱ्यावर वर्ष काढणे कोणालाच शक्य नाही. जानेवारीत पहाटे बोटे वाकत नाहीत आणि त्याच दिवशी दुपारी घाम फुटतो. मे महिन्यात पारा चव्वेचाळिसाच्या पुढे जातो. मार्चात गहू काढायला आला की गारा पडतात. इथल्या माणसाला सकाळचे, दुपारचे आणि संध्याकाळचे कपडे वेगळे लागतात, किंवा एकावर एक घालून हळूहळू काढता येतील असे लागतात. हे शास्त्र माझ्या पत्नीला, कै. प्रमोदिनीला, चांगले कळत होते. कपडे थोडे असावेत, पण प्रत्येक कपडा दुसऱ्या प्रत्येकावर बसला पाहिजे, असे ती म्हणे. अंगाला लागून सुती, त्यावर लोकर, सगळ्यांवर वारा अडवणारे काहीतरी. बगलेत सैल, गळ्याशी बेताचे. पहाटे तिन्ही, दहा वाजता दोन, दुपारी एक. तिने माझ्यासाठी असे सगळे कपडे शिवले आणि विणले, आणि मी ते सगळे सदऱ्याच्या आत घातले.

कपाटाचा खालचा खण कुलपात आहे. मुलांना तो ठाऊक आहे, कारण बाबांच्या बंड्या बाहेर दोरीवर वाळत घालायच्या नाहीत, घरात खुर्चीवर घालायच्या, हे दोघांना लहानपणीच शिकवले होते. योगिनी सहा वर्षांची असताना शेजारी सांगून आली, ‘आमच्या बाबांना आत स्वेटर असतो.’ मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. योगिनी, तू खरे बोलली होतीस. मी शिक्षक होतो आणि खरे बोलल्याबद्दल तुला शिक्षा केली. तुझी माफी मागायला मला मृत्युपत्राचा कागद लागला.

त्या खणातल्या वस्तूंची वाटणी अशी :

मलमलच्या सहा बंड्या केयूरला. उन्हाळ्यात सकाळी नळाखाली भिजवून, घट्ट पिळून, अंगात घालावी आणि वर सदरा घालावा. दुपारपर्यंत थंडावा राहतो. मी दुसरी ओली बंडी जेवणाच्या डब्याखाली प्लास्टिकमध्ये बांधून नेत असे आणि मधल्या सुट्टीत कचेरीचे दार लावून बदलत असे. बाहेर पोरे पत्र्याखाली उकडत बसलेली असत. मी बाहेर येऊन म्हणे, ‘ऊन मानलं तर ऊन.’ केयूर पुण्याला ऑफिसात एवढ्या गारठ्यात बसतो की मे महिन्यातही जाकीट घालतो, त्याला याचा उपयोग किती होईल कोण जाणे. पण पद्धत कळावी म्हणून लिहिले.

खांद्यावर प्लास्टिक शिवलेली पावसाळी बंडी योगिनीला. खताच्या पोत्याच्या आत जो प्लास्टिकचा कागद येतो तो दोन सुती थरांच्या मध्ये घालून प्रमोदिनीने ती शिवली होती. पंधरा ऑगस्टला भुरभुर पावसात मी हलत नसे, त्याचे रहस्य ही बंडी. योगिनी स्वतः परभणीला शिक्षिका आहे. तिने ही बंडी वर्गात न्यावी आणि मुलांना दाखवून शिवायला शिकवावी.

फ्लॅनेलचे आतले दोन पायजमे पार झिजले आहेत, ते टाकून द्यावेत. पांढरे सदरे पाच आहेत. ते कोणालाही देऊ नयेत, फाडून फरशी पुसायला घ्यावेत. हे रागाने लिहिलेले नाही, त्याचे कारण कलम ७ मध्ये दिले आहे.

उरली बदामी लोकरीची बंडी, जी सध्या दुरुस्तीला दिली आहे. तिच्याबद्दल आधी सांगावे लागेल.

कलम ४. बंडी कशी आली. १९७१ साली डिसेंबरात मी बोरीच्या पुढे एका खेड्यातल्या शाळेवर रुजू झालो. खेड्याचे नाव लिहीत नाही, कारण दोष त्याचा नाही. माझे नुकतेच लग्न झाले होते आणि मजजवळ खरोखरच एक सदरा होता. एक अंगात आणि एक दोरीवर, असे दोन म्हणा. सव्वीस जानेवारीला तपासणीचे साहेब आले, कोट घालून आणि गळ्याला मफलर गुंडाळून. मी झेंड्याखाली सदऱ्यात उभा, दातांवर दात वाजू नयेत म्हणून जीभ मध्ये धरून. साहेबांनी भाषणात माझ्याकडे बोट केले. म्हणाले, ‘या तरुण शिक्षकाकडे बघा. याला म्हणतात निग्रह.’ टाळ्या पडल्या. तोपर्यंत मला कशासाठीच कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

घरी आलो तो तापाने फणफणलो. पाचव्या दिवशी उठलो तेव्हा प्रमोदिनी म्हणाली, ‘उसना का होईना, एक स्वेटर आणा आणि घालून जा.’

मी म्हणालो, ‘आता कसा घालू? गावभर झालंय.’

 तिने माहेरून आणलेला स्वतःचा बदामी स्वेटर उसवायला घेतला. त्याच लोकरीची तिने बिनबाह्यांची बंडी विणली, आतून मलमलचे अस्तर लावले आणि सदऱ्याच्या गळ्यातून दिसू नये म्हणून तिचा गळा खोल ठेवला. ‘आता बटणं वरपर्यंत लावत जा,’ एवढेच म्हणाली. तिला स्वतःला आता स्वेटर नाही, हे माझ्या लक्षात यायला दोन हिवाळे लागले. लक्षात आल्यावरही मी तिच्यासाठी लोकर आणली नाही. एकसदरा गुरुजी बाजारात लोकर घेताना दिसले असते. ती शेवटपर्यंत थंडीत पदर दुहेरी घेऊन वावरली. ही लाज माझ्या एकट्याची आहे, ती कोणाला वाटून देता येत नाही.

कलम ५. भगवानराव. माझे सहशिक्षक आणि आता शेजारी भगवानराव दिवाळी झाली की कोट, मफलर, कानटोपी, मोजे असे सगळे घालून शाळेत येत. त्यांना थंडी वाजत होती आणि ते ती वाजू देत होते. मी पोरांसमोर त्यांना ‘गाठोडे गुरुजी’ म्हणत असे. ते नाव त्यांना निवृत्तीपर्यंत चिकटले. त्यांच्याशी माझी पुष्कळ भांडणे झाली, बदलीवरून, खुर्चीवरून, एकदा खडूच्या पेटीवरून, आणि त्या सगळ्यांत बरोबर मीच होतो. पण या एका बाबतीत ते सज्जन होते आणि मी ढोंगी. माझी चांगली छत्री आणि लोकरीचे नवे मोजे, जे मी फक्त पांघरुणात घातले, ते त्यांना द्यावेत. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, नाहीतर त्याचे मिळालेले जाते, असे वकिलांनी बजावले आहे. म्हणून भगवानरावांना साक्षीला बोलावलेले नाही. त्यांनी रुसू नये.

कलम ६. शिवकन्या. आता जे लिहितो त्यासाठीच हे मृत्युपत्र आहे.

२६ जानेवारी १९९१. शिस्तीचे बक्षीस त्या वर्षी आमच्या शाळेला मिळेल अशी बोलवा होती. सगळी मुले गणवेशात, वरून कोणी काही घालायचे नाही, असा माझा नियम होता आणि तो मी आदल्या दिवशी तीनदा सांगितला होता. सकाळी रांगा लागल्या. सातवीच्या रांगेत शिवकन्या लिंबाजी घाटूळ मोठ्या माणसाचा तपकिरी स्वेटर घालून उभी होती. बाह्या चार-चार वेळा दुमडलेल्या. तिचे वडील दुसऱ्याच्या शेतावर राबत. तो स्वेटर त्यांचा होता.

मी म्हणालो, ‘स्वेटर काढ.’

ती हळूच म्हणाली, ‘गुरुजी, आत झंपर फाटलंय.’

हे मला ऐकू आले नाही, असे मी स्वतःला आजवर सांगत आलो. शेवटचा कागद आहे म्हणून लिहितो, ऐकू आले होते.

मी सगळ्या रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, ‘माझ्याकडे बघा. अंगात एक सदरा आहे. थंडी अंगाला नसते, मनाला असते.’ आणि वाकून मी तिच्या अंगातून तो स्वेटर ओढून काढला. झंपर पाठीवर वरपासून खालपर्यंत उसवलेले होते. पोरे हसली. तिने दोन्ही हात मागे नेऊन ते धरले. मी सावधानचा हुकूम दिला. सावधानमध्ये हात बाजूला लागतात. तिने हात बाजूला घेतले. पाऊण तास भाषणे झाली. तो सगळा वेळ माझ्या अंगात बदामी बंडी होती आणि बंडीच्या आत मला चांगली ऊब होती.

बक्षीस मिळाले. शिवकन्या दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी लिंबाजी शाळेच्या दारात येऊन उभे राहिले, टोपी हातात.

‘पोरीचं चुकलं, गुरुजी,’ ते म्हणाले. ‘तेवढं सुटर द्या. गव्हाला पाणी द्यायलोय, लाईट रातचीच येती.’

‘मुलीला पाठवा. तिच्या हातात देतो. शिस्तीचा प्रश्न आहे.’

‘ती यायला तयार न्हाई. लय रडायलीय.’

‘मग येईल तेव्हा नेईल.’

लिंबाजी टोपी घालून गेले. त्या हिवाळ्यात त्यांनी गव्हाला पाणी कशात दिले, मला माहीत नाही. मी विचारले नाही. शिवकन्या परत कधीच आली नाही. हजेरीपटावर मी तिच्या नावापुढे महिनाभर गैरहजर लिहिले आणि मग नाव कमी केले. वर्ष संपल्यावर स्वेटर घरी आणला. शाळेत याला जप्ती म्हणतात, बाकी सगळीकडे चोरी म्हणतात.

प्रमोदिनीने तो पाहून विचारले, ‘कुणाचा?’ मी सांगितले. तिने एकच विचारले, ‘तेव्हा तुमच्या अंगात बंडी होती ना?’ मी हो म्हणालो.  तिने स्वेटर धुतला, कडुलिंबाचा पाला घालून ठेवला, आणि दरवर्षी दिवाळीनंतर उन्हात घालू लागली. माझी बंडी घरात खुर्चीवर वाळायची आणि तो स्वेटर अंगणात सगळ्यांसमोर. ती गेल्यापासून, म्हणजे २०१९ पासून, मी तो उन्हात घालतो.

ती गेल्यावर बंडीची बगल उसवली. नीट करणारे कोणी उरले नव्हते. ओळखीच्या शिंप्याकडे न्यायची सोय नव्हती, म्हणून चार वर्षांपूर्वी मी ती पिशवीत घालून बसस्टँडजवळ पिको-फॉल करणाऱ्या एका बाईकडे नेली. तिने बंडी उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, ‘कुणाची हाय?’

‘भावाची,’ मी म्हणालो. त्र्याहत्तराव्या वर्षीही जीभ अडखळली नाही.

दुसऱ्या दिवशी घ्यायला गेलो तर टाके असे की उसवले होते कुठे ते सापडेना. मी पैसे काढले. ती म्हणाली, ‘ऱ्हाऊ द्या, गुरुजी.’ मी वर पाहिले. ‘म्या लिंबाजी घाटूळची शिवकन्या.’

मी बंडी घेतली आणि घरी आलो. त्याच वेळी सगळे बोलता आले असते. तेव्हापासून चार हिवाळे मी दर वर्षी बंडी तिच्याकडे नेतो, ती नीट करून देते, आणि दोघेही हवापाण्याचे बोलतो. तिचे लग्न झाले, दोन मुलगे शिकले, मालक परमेश्वर रिक्षा चालवतात, एवढे कळले. तिचे वडील हयात आहेत का, हे विचारायचे धाडस मला झाले नाही.

कलम ७. शाळा. गेल्या महिन्यात त्याच शाळेचे आताचे मुख्याध्यापक घरी आले. भले आणि तरुण आहेत. माझ्यामागे माझा एक सदरा शाळेला मिळावा, काचेच्या कपाटात लावू, असे त्यांनी विचारले. आणि वर कौतुकाने म्हणाले, ‘गुरुजी, तुमची परंपरा आम्ही मोडली नाही. सव्वीस जानेवारीला आजही सगळी पोरं स्वेटर काढूनच रांगेत उभी राहतात. तुमच्या नावानं.’

त्यांनी चहा घेतला आणि गेले.  निवृत्त होऊन वीस वर्षे झाली, मला वाटले होते की निदान तेवढे तरी थांबले असेल. मी घरी दुहेरी पांघरुणात असतो त्या सकाळी, तिकडे पोरे माझ्या नावाने कुडकुडत असतात.

म्हणून असे ठरवतो. सदरा शाळेला देऊ नये. ठेवीतून शाळेतल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला एक एक लोकरीचा स्वेटर घेऊन द्यावा, अंगाला बसेल असा, दुमडावा लागणार नाही असा. माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या पहिल्या सव्वीस जानेवारीला या मृत्युपत्राची कलमे ३, ४ आणि ६ झेंड्याखाली मोठ्याने वाचावीत. वाचताना सर्व मुलांच्या अंगात स्वेटर असावेत.

कलम ८. तपकिरी स्वेटर. तो माझा नाही, त्यामुळे तो मी मृत्युपत्राने देऊ शकत नाही, फक्त परत करू शकतो. माझ्या मृत्यूनंतर तो लिंबाजी घाटूळ यांना, आणि ते हयात नसल्यास शिवकन्येला परत करावा. याखेरीज प्रमोदिनीचे पायाचे शिलाई मशीन शिवकन्येला द्यावे. ती त्याचे काय करील ते तिचे तिने बघावे. नको म्हणाली तर आग्रह करू नये, आग्रहाने मी तिचे एकदा पुष्कळ नुकसान केले आहे.

कलम ९. बदामी बंडी. मला नेताना ती अंगात ठेवू नये. आता लपवण्यासारखे काही उरणार नाही. बंडी योगिनीला द्यावी. तिने ती वरून घालावी.

पुरवणी. येथवर लिहून झाले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. साक्षीसाठी डॉ. धम्मानंद आले. त्यांच्यासोबत यायचे ते दुसरे गृहस्थ आले नाहीत. आम्ही वाट बघत बसलो असता शिवकन्या दुरुस्त केलेली बंडी द्यायला आली. माझ्या हातात ठेवून ती निघाली, तेव्हा मी म्हणालो, ‘जरा बस. हे वाच.’ आणि कलम ६ पासूनची पाने तिला दिली. माझ्याच्याने तोंडाने सांगवले नसते.

तिने सावकाश वाचले. मी फरशीकडे बघत होतो. डॉक्टर खिडकीकडे बघत होते.

वाचून झाल्यावर तिने पाने गुडघ्यावर नीट लावली. म्हणाली, ‘गुरुजी, हे मला म्हाईत हाय.’

‘काय माहीत आहे?’

‘बंडीचं. तुमी सुटर काढायला वाकले, तवा तुमचं वरचं बटन सुटलं. आत बदामी लोकर दिसली. तुमी मशिनीवर आणली तवा म्या लगेच वळखली.’

‘मग त्या दिवशी बोलली का नाहीस?’

‘बारा वर्साची होते म्या.’ ती म्हणाली, ‘मला वाटलं, आता गुरुजी पण काढतेल.’

  जसे ती बोलली तसे लिहून ठेवतो.

मग तिने कलम ८ वर बोट ठेवले. ‘हे तुमी मेल्यावर द्यायचं लिवलंय. माझा बाप जित्ता हाय, गुरुजी. माझ्याजवळच ऱ्हातो. आज सकाळपासून शेगडीजवळून उठंना झालाय.’

मी उठलो. खण उघडला आणि स्वेटर तिच्या हातात दिला. पस्तीस वर्षे झाली होती. तिने तो झटकला, कडुलिंबाचा वाळका पाला खाली पडला, तो तिने गोळा करून खिडकीबाहेर टाकला आणि स्वेटर पिशवीत घातला. मी म्हणालो, ‘शिवकन्या, माझं चुकलं.’ ती म्हणाली, ‘व्हय.’

जाण्याआधी तिने कलम ७ पुन्हा काढले. ‘आन् हे वाचायचं कवा? सव्वीस जानेवारी सोमवारी हाय. लेकरं सोमवारी हुबी ऱ्हातेल. तुमी कवा मरनार, कुणाला म्हाईत?’

डॉक्टर म्हणाले की दुसरा साक्षीदार आज मिळत नाही, उद्या करू. शिवकन्या म्हणाली, ‘म्या करते सही.’ डॉक्टरांनी तिला समजावले की साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही मिळत नाही, बाईंचे मशीन जाईल. ती म्हणाली, ‘मशीन मला हाय.’

सबब वरील मजकुरात पुढील दुरुस्त्या करतो. कलम ८ मधला स्वेटर आज रोजी परत केला, ते कलम संपले. शिलाई मशीन योगिनीला मिळावे. कलम ७ मधले स्वेटर माझ्या मृत्यूनंतर नव्हे, उद्या बाजार उघडल्यावर घेण्यात येतील. शिवकन्या मापे घ्यायला सोबत येणार आहे, तिने तेवढे कबूल केले. आणि वाचन माझ्यामागे कोणी करायचे नाही. येत्या सोमवारी सकाळी साडेसातला मी स्वतः शाळेत जाईन, सदऱ्यावरून बदामी बंडी घालून, आणि मुलांना आधी आपापले स्वेटर घालायला सांगून ही कलमे वाचेन. मला भीती वाटते आहे. तोवर मी मेलो, तर ते केयूरने वाचावे, पण मरायचा माझा विचार नाही.

हे सर्व मी शुद्धीत लिहिले, वाचून पाहिले आणि पुढील दोघांसमक्ष सही केली.

ठिकाण : जिंतूर, जिल्हा परभणी
तारीख : २२ जानेवारी २०२६

सही : मार्तंड व्यंकटराव वालूरकर

साक्षीदार :

१. डॉ. धम्मानंद सिद्धोधन खिल्लारे, राहणार जिंतूर. मृत्युपत्र करणाऱ्यांनी माझ्यासमोर सही केली. प्रकृती ठीक. सोमवारी थंडीत उभे राहण्यास माझी हरकत नाही, बंडी घालावी.

२. शिवकन्या लिंबाजी घाटूळ, राहणार जिंतूर. गुरुजींनी माझ्यासमोर सही केली. कलम सहा खरे आहे. मी तिथे होते.